भटारखाना पाहून येण्याचं काम

अप्पा,

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. या दिवसांत तुमच्याविषयी दोनदा बोललो. एकदा तुमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी ठेवलेल्या शोकसभेत, आणि एकदा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, जिथं तुम्ही बावीस वर्षं पुस्तकांचे गठ्ठे पोचवलेत. दोन्हीकडे बरं बोललो असं लोक म्हणाले. एका प्राध्यापिकेनं सुचवलं, सर, हे सगळं लिहून काढा. मी घरी येऊन वहीत तारीख घातली आणि चार दिवस त्या पानावर दुसरं काही लिहिलं नाही. बोललो त्यात खोटं काही नव्हतं. पण तुमच्यासंबंधी मला सांगायलाच हवी अशी एक गोष्ट आहे आणि ती मी दोन्हीकडे गाळली होती.

परवा वहिनींना फोन करून विचारलं, लिहू का. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगायचं ऱ्हायलंय न्हवं तुमचं? मग त्यांना सांगा. मला कशाला विचारता?"

म्हणून हे.

मला बाहेर जेवायची सवय तुम्ही लावलीत. आमच्या मुखेडच्या घरी हॉटेलात जेवणं म्हणजे घरचं कुणीतरी दवाखान्यात आहे असं समजत. नांदेडला नोकरी लागल्यावर मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत डबा उघडायचो, शेजारी पुस्तक. एकदा तुम्ही गठ्ठा उतरवून घेताना ते पाहिलंत. "सर, असं खाल्लं तर ना जेवण कळतं ना पुस्तक. उठा." आणि मला स्कूटरवर बसवून निलंगा राईसच्या, त्या तिखट मसालेभाताच्या, गाड्यावर नेलंत. उभ्यानं, कागदी प्लेटीत, चारचौघांत खाताना मला फार संकोच वाटला होता. तुम्ही माझ्या पुढ्यात असे उभे राहिलात की रस्त्यावरून मी कुणाला दिसू नये.

पुढे उर्दू शाळेत गणित शिकवणारे सलीमभाई आले आणि एसटीत कंट्रोलर असलेले भोकरचे बाबाराव आले. दर महिन्याचा दुसरा शनिवार ठरला, दुपारचं जेवण. नांदेडमध्ये, कधी लातूरला, कधी उदगीरच्या रस्त्याला. तुम्हीच कामं वाटून टाकली होती. "गाडी सलीमभाईंची, तक्रार बाबारावांची, गोष्ट सरांची आणि ऑर्डर माझी." गोष्ट म्हणजे मी त्या महिन्यात जे पुस्तक वाचलं असेल ते जेवताना सांगायचं. तुमच्या दुकानात हजारो पुस्तकं असून तुम्ही एकही वाचत नव्हता. पण मी कुठं थांबलो होतो ते महिन्यानंतरही तुम्हाला नेमकं आठवायचं.

आणि ऑर्डर. आम्ही तिघं मटण खाणारे, तुम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग असलेले, आयुष्यात अंडंही न खाल्लेले. तरी आमचं मटण तुम्हीच मागवायचात. मालकाला पहिला प्रश्न तुमचाच असायचा, "हलाल हाय का? आमच्या सलीमभाईंना लागतं." मालक जरा घुटमळला की तुम्ही उठायचात. लातूरला एकदा पाणी, कांदा, लिंबू सगळं टेबलावर आल्यावर उठवलंत. बाबाराव जाम वैतागले. "अप्पा, तुम्हाला खायचं न्हाई, तुम्ही कशाला एवढी चौकशी करून राहिले?"

"मला खायचं न्हाई म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "खाणाऱ्याला भूक लागलेली असते. तो विचारत न्हाई."

तुमच्या स्वतःच्या ताटाची चौकशी मात्र तुम्ही दुसऱ्यावर सोपवली होती. हाडं चघळणाऱ्या आमच्यात तुम्ही मजेत बसायचात, पण भटारखान्यात जाऊन मटणाची पातेली पाहणं तुम्हाला जमत नसे. मळमळायचं. म्हणून आत जाऊन पाहून यायचं काम माझ्याकडे आलं. तुमची कढई वेगळी आहे का, पळी वेगळी आहे का, तेल वेगळं आहे का. "सर लायब्ररीवाले हायेत, एकेक पान मोजून घेतात," असं म्हणून तुम्ही मला आत पाठवायचात. मी बाहेर येऊन म्हणायचो, "वेगळं आहे, अप्पा." मगच तुम्ही भाकरी मोडायचात.

मी ते काम बरीच वर्षं नीट केलं, हेही लिहून ठेवतो. पळ्यांचे वास घेतले, आचाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. एकदा उदगीरच्या रस्त्याला तुमच्यासाठी नवी कढई घासून घेतली.

मग तो दिवस आला. सलीमभाईंचे भाऊ लातूरला दवाखान्यात होते, त्यांना भेटून आपण परतत होतो. तीन वाजून गेले होते. अहमदपूर मागे पडलं आणि लोह्याच्या अलीकडे आपण त्या धाब्यावर थांबलो. धाब्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. तिथला आचारी माझ्याशी कधी खोटं बोलला नाही.

मी नेहमीप्रमाणे आत गेलो. मंद आचेवर मटणाच्या रश्शाचं मोठं पातेलं होतं, वर बोटभर लाल तर्री आलेली. बाजूच्या कढईत आचारी शेवभाजीचा मसाला परतत होता. परतून झाल्यावर त्यानं त्या पातेल्यावरची तर्री पळीनं अलगद उचलली आणि शेवभाजीत सोडली.

"शेवभाजीत हे घालता?" मी विचारलं.

"सगळ्यातच घालतो की, सर. चव तिच्यानंच येती."

"आमच्या एका प्लेटमध्ये घालू नका. ते खात नाहीत."

"बरं," तो म्हणाला आणि समोर मांडलेल्या सात-आठ प्लेटांकडे त्यानं पाहिलं. तो कोणती लक्षात ठेवणार होता? मी तिथं उभं राहायला हवं होतं. नाहीतर बाहेर येऊन म्हणायला हवं होतं, अप्पा, इथं नको. पण मला भूक लागली होती, त्या मटणाचा वास आला होता, आणि मला तिथंच जेवायचं होतं.

"वेगळं हाय का, सर?"

"वेगळं आहे, अप्पा."

तुमची प्लेट आली, तिच्यावर लाल थर तरंगत होता. मी काही बोललो नाही. तुम्ही मधुमेहाची गोळी घेऊन बसला होता, जेवण लांबलं तर तुम्हाला चक्कर यायची, म्हणून मी बोललो नाही, असं मी स्वतःला पुढे अनेक वर्षं सांगितलं. पण तिथं दही होतं. भाकरी होती, ठेचा होता, काउंटरवर केळीही होती. तुम्ही पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "लई दिवसांनी अशी शेवभाजी खाल्ली. न्हाई, कधीच खाल्ली न्हाई."

एका दिवसाची चूक असती तर मी ती आज अशी मांडून बसलो नसतो. पण तुम्हाला ती शेवभाजी इतकी आवडली की दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही तिकडेच चला म्हणू लागलात. "नवीन कुठंतरी जाऊ," मी म्हणायचो. "सर, एवढं एक माझं ऐका," तुम्ही म्हणायचात. आणि गाडी थांबली की मी आत जायचो. अप्पा, सहा वर्षं मी आत जात राहिलो. आचारी मला ओळखायला लागला, स्टूल द्यायचा, त्याच्या मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाचं विचारायचा. मी त्याच्याशी बोलत बसायचो. पळीकडे पाहायचो नाही. नीट पाहून यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तिथं काढायचो आणि बाहेर यायचो. "वेगळं आहे, अप्पा."

याहून वाईट अजून आहे. तुमचा-माझा तो जुना वाद. मी म्हणायचो, काय खावं नि काय खाऊ नये याला कारण पाहिजे. जन्मानं मिळालेली गोष्ट म्हणजे कारण नव्हे. मी वाचलेलं सगळं तुमच्यावर ओतायचो. तुम्ही शांतपणे ऐकायचात. एकदा म्हणालात, "सर, मी कारण ठेवलंच न्हाई. ठेवलं असतं तर तुम्ही ते खोडून काढलं असतं." सलीमभाई टेबलावर हात मारून हसले होते. तो वाद आपण कधी संपवला नाही. धाब्यावर बसून तो एकदा पुन्हा निघाला. तुम्ही सहज म्हणालात, "मला तर तेलाचा नुसता वास आला तरी कळतं." तुमच्या बोटांना तेव्हा ती तर्री लागलेली होती. मी हसलो.

"काय हसता, सर?"

"काही नाही."

मी काय विचार करत होतो ते लिहितो. मी मनात म्हणत होतो, बघा, तुम्हाला काहीसुद्धा कळत नाही. माझंच बरोबर होतं. तुमच्या विश्वासाचा मी वादातला पुरावा केला होता, आणि तो मनात चोरून ठेवून तुमच्यासमोर जेवत होतो. भीतीनं गप्प बसणारा माणूस समजून घेता येतो. मी नुसता भ्यालेलो नव्हतो.

त्या सहा वर्षांत तुम्ही मला सांगायची एक संधीही दिली होतीत, तुमच्या नकळत. माझ्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला काही दिवस वाचायला मनाई होती. तुम्ही दुकान मुलावर टाकून रोज सकाळी यायचात आणि पेपर वाचून दाखवायचात. तुमचं वाचन भयंकर होतं. संपादकीय आणि शेजारची पंख्याची जाहिरात एका दमात वाचायचात. मी हसायचो आणि मनातून फार सुखावलेला असायचो. बायको गेल्यापासून घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. एका सकाळी तुम्ही आलात आणि पेपर न उघडताच म्हणालात, "सर, काल एक बातमी गाळली मी. तुमच्या मुखेडच्या हेडमास्तरांची. गेले ते. डोळ्यांना ताण नको म्हणून वाचली न्हाई. पण मला झोपच लागली न्हाई."

एका दिवसाची, माझ्याच भल्यासाठी गाळलेली एक बातमी. खोलीत आपण दोघंच होतो. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, तुमचा चेहरा पाहावा लागणार नव्हता. याहून सोपी वेळ कुणाला मिळते? मी म्हणालो, "असू द्या, अप्पा. माणूस विसरतो."

"विसरलो न्हाई सर, गाळली," तुम्ही म्हणालात.

तुम्हाला अहमदपूरला तुमच्या शेतात समाधी दिली, त्या दिवशी मी माती टाकली आणि मागे जाऊन उभा राहिलो. निघताना वहिनींनी मला बोलावलं. "भाऊजी, तिसऱ्या दिवशी दूध घालायला या. त्यांच्या आवडीच्या चार गोष्टी ठेवायच्या हायेत. ती लोह्याकडची शेवभाजी आणता का येताना? लई जीव होता त्यांचा तिच्यावर. माझ्यासाठी पण पार्सल आणायचे." मी हो म्हणालो. पार्सलाचं मला ठाऊक होतं. तुम्ही दर वेळी माझ्यासमोरच बांधून घ्यायचात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाईंच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. तुमची पुढची सीट रिकामी होती. कुणी तिथं बसेना, मग बाबाराव बसले. लोहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. सलीमभाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

बाबाराव म्हणाले, "मला एकदा शंका आली होती. तर्रीवरनं. पण म्हटलं, सर पाहून आलेत."

सलीमभाई स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. "अप्पा माझ्यासाठी हर जागी विचारत होते," ते म्हणाले. "भरल्या हॉटेलात. मला शरम यायची, ते विचारायचे." मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "सर, एक सच बोला. मला पण कधी असं खिलाये क्या?"

"नाही, सलीमभाई. तुमचं अप्पाच विचारायचे."

"पण आत तर तुम्हीच जात होते. म्हणून तर विचारून राहिलो."

बाबारावांनी मध्यस्थी केली. "आता झालं ते झालं. आज चांगली बिनतर्रीची करून घेऊ, नव्या भांड्यात. वहिनीला काही बोलायचं न्हाई. आधीच ती बाई कोसळलेली हाय." सलीमभाईंनी गाडी सुरू केली. मलाही बाबारावांचं म्हणणं पटलं. पटलं म्हणजे, बरं वाटलं.

धाब्यावर मी आत जायला निघालो तर सलीमभाई मागून आले. "मी पण येतो," म्हणाले. इतक्या वर्षांत भटारखान्यात माझ्याबरोबर कुणी आलं नव्हतं. आचाऱ्यानं विचारलं, "अप्पा उतरले न्हाईत का गाडीतून?" आम्ही सांगितलं. त्यानं पळी खाली ठेवली, हात पुसले. वेगळ्या कढईत, ताज्या तेलात, तर्री न घालता करून द्या, असं मी म्हणालो तेव्हा त्याला नवल वाटलं. "आज कशाला तसं? त्यांना तर तर्री जास्तीची लागायची." सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. शेवभाजी होईपर्यंत आम्ही दोघं कढईपासून हललो नाही.

समाधीवर दूध घातलं, जंगमांनी मंत्र म्हटले, वहिनींनी पदार्थ मांडले. धपाटे होते, दही होतं, तुम्हाला वर्ज्य असलेली जिलेबी होती आणि ती शेवभाजी. सगळं रीतीनं झालं. तुमच्या अहमदपूरच्या घरी परतल्यावर वहिनींनी उरलेली शेवभाजी वाटीत घेतली, भाकरीचा तुकडा मोडला, एक घास खाल्ला आणि थांबल्या.

"ही ती न्हाई."

त्यांनी तुकडा पुन्हा बुडवून चाखून पाहिला.

"चव येगळी हाय. आचारी बदलला का?"

"हाव, बदलला असंल," बाबाराव म्हणाले. सलीमभाई फरशीकडे पाहत होते.

वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांना कसला संशय नव्हता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. "भाऊजी, तुम्हाला ठाऊक असंल. तुम्हीच आत जाऊन बघता न्हवं? हे नेहमी म्हणायचे, सर बघून आले की मी डोळे झाकून जेवतो."

मी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत, चार-पाच वाक्यांत झालं. वहिनींनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

"पार्सलात पण?"

"हो."

त्या उठून आत मोरीवर गेल्या. पाणी पडत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तुमचा मुलगा दारात आला, काय झालं म्हणून आम्हा तिघांकडे पाहून परत गेला. मला वाटलं आता वहिनी बाहेर येणार नाहीत आणि आम्ही उठून निघून जावं. बाबाराव तर चपला शोधायला लागले होते. पण त्या आल्या, हात पदराला पुसत, आणि म्हणाल्या, "जेवून जा. त्यांच्या घरातनं कुणी उपाशी गेलेलं न्हाई." त्यांनी स्वतः वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी. मला वाढताना त्यांचा हात थांबला नाही, आणि मी मान वर केली नाही. ती शेवभाजी त्यांनी उचलून आत नेली होती. तिचं काय केलं ते मला माहीत नाही. ती तरी नीट केलेली होती, असं मला म्हणावंसं वाटलं, पण ते म्हणायला मी कोण?

त्यानंतर महिन्याचा दुसरा शनिवार येऊन गेला. कुणी कुणाला फोन केला नाही. सलीमभाई मला परवा रस्त्यात भेटले, माझ्या डोळ्यांची चौकशी केली आणि गेले. त्यांना दुसरा शनिवार हवा आहे हे मला दिसलं. माझ्याबरोबर जेवता येईल की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही हेही दिसलं.

त्या दिवशी निघताना वहिनी अंगणापर्यंत आल्या होत्या. सलीमभाई आणि बाबाराव गाडीत जाऊन बसले. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आज का सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"आणि न्हाई विचारलं असतं तर?"

मी गाडीकडे वळलो. त्या आत गेल्या.

अप्पा, बाबारावांनी दिलेली पळवाट मी मनातून आधीच घेतली होती. चव कळली नसती तर त्या दिवशी मी तुमच्या घरी भरपेट जेवून, वहिनींचे आशीर्वाद घेऊन नांदेडला परतलो असतो. शोकसभेतही तेच भाषण केलं असतं. वहिनींनी विचारलं नसतं, तर मी कधीच सांगितलं नसतं.